कवटीला शिट्टी नसते



बऱ्याच दिवसांत इथे फिरकलो नाही. दोघातिघांनी निरोप पाठवून चौकशी केली, पुण्याच्या भाचीने तर "मामा, लिहिणं सोडलंत की काय?" म्हणून फोनच केला. सोडलं नव्हतं. घरात आजारपण होतं, आणि ते आटोपल्यावर जे लिहायचं होतं ते लिहायला हात धजत नव्हता. आज सकाळी चहा घेऊन बसलो आहे. बघू कुठवर जमतं ते.

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या सौ.चं डोकं दुखायला लागलं. दुखणं मोठं चमत्कारिक. पहाटे पाचला डोकं ठणकून जाग यायची, उठून बसली, चहा घेतला, घरात चार फेऱ्या मारल्या की नऊ-दहापर्यंत आपोआप उतरायचं. आम्ही पित्त ठरवून टाकलं. मोरावळा झाला, कोकमाचं सरबत झालं, शेजारच्या वहिनींचा सुंठीचा लेप झाला. मग एक दिवस मळमळ वगैरे काही न होता एकदम उलटी झाली. आमटीत दोनदा मीठ पडू लागलं. (त्यावर मी केलेले विनोद आता आठवले की लाज वाटते.) आणि एका रविवारी गहू निवडताना तिचा डावा हात ताटातच थांबून राहिला. "अहो, हा हात ऐकत नाहीये," एवढंच म्हणाली.

तपासणीत निघालं की मेंदूच्या पुढच्या भागात, उजवीकडे, लिंबाएवढी गाठ आहे. मेनिंजिओमा म्हणतात. मेंदूच्या आवरणातून निघते, बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, पण जागा अडवून बसते. काढावी लागणार होती. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नाव घातलं. सूज उतरायला आधी डेक्सामेथासोन नावाच्या गोळ्या दिल्या, तर दोन दिवसांत डोकेदुखी गायब! "मला बरं वाटतंय, ऑपरेशन कशाला?" असा हट्ट धरून बसली. गाठीभोवतीची सूज उतरली होती, गाठ होती तिथेच होती. साखर मात्र त्या गोळ्यांनी सव्वादोनशेवर गेली.

ऑपरेशनच्या आधी भुलीच्या डॉक्टरांनी तपासायचं असतं. दारावर पाटी होती, 'बधिरीकरणशास्त्र विभाग'. सौ. पाटी वाचून म्हणाली, "कान कशाला तपासायचे आता?" मी चाळीसेक वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे तिथल्या बाकावर बसून मला नसता उद्योग सुचला. मनात म्हटलं, आपला साधा 'भूल' शब्द किती चांगला आहे. पण त्याची गंमत अशी की भूल देतात, भूल पडते आणि भूल करतातही. एकाच शब्दात डॉक्टरचं कौशल्य आणि माणसाची चूक. हा विचार मी तिथेच सोडून द्यायला हवा होता, पण पुढे तो सुटला नाही.

आत एक तरुण डॉक्टर बाई होत्या, तिशी-पस्तिशीच्या, बोलण्यात विदर्भाचा हेल. दात हलतात का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, मान किती वाकते, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "काकू, रात्री झोपेची गोळी घेता का?" सौ.ने माझ्याकडे पाहिलं. डोकं दुखायला लागल्यापासून ती कधीमधी अर्धी गोळी घ्यायची, माझ्याच डब्यातली. डॉक्टर एकदम गंभीर झाल्या. "आजपासून बंद. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीही आम्ही देणार नाही. झोप नाही लागली तरी चालेल."

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. विचारलं, "का?"

त्यांच्या दाराबाहेर अजून सातआठ माणसं होती. तरी त्यांनी एका कागदाच्या पाठीवर एक गोल काढला. "सर, ही कवटी. हिच्यात तीनच गोष्टी असतात. मेंदू, रक्त आणि पाणी. मेंदू साधारण १४०० मिलिलीटर, रक्त दीडशेच्या आसपास, मेंदूभोवतीचं पाणी दीडशेच्या आसपास. कवटी हाडाची, ती ताणत नाही. काही एक वाढलं तर दुसरं काहीतरी बाहेर गेलं पाहिजे. नाही गेलं तर आतला दाब वाढतो. प्रेशर कुकर असतो ना, तसंच समजा."

सौ. इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "कुकरला शिट्टी असते."

डॉक्टर हसल्या. "बरोबर काकू. कवटीला शिट्टी नसते."

लहान बाळाला मात्र थोडी सोय असते, असं त्या म्हणाल्या. टाळू भरलेली नसते ना! आमच्याकडे आजी रोज सकाळी बाळाच्या टाळूवर तेल थापायची, आणि ती टाळू लुकलुकताना आम्ही पोरं बघत राहायचो. मूल दीडेक वर्षाचं झालं की ती वाट बंद. पुढे जन्मभर बंद पेटी.

हा तीन गोष्टींचा हिशेब जुना आहे. एडिंबराच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये तो मांडला आणि त्यांचे विद्यार्थी जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये पुढे नेला. अजून त्या दोघांच्याच नावाने शिकवतात. गुरुशिष्यांचं नाव जोडीने राहिलेलं पाहून मास्तरला बरं वाटतंच. ईथरची भूल तेव्हा जन्मालाही आली नव्हती, ती १८४६ ची, बॉस्टनची. आणि आतला दाब दिवसरात्र मोजून कागदावर उतरवायचं काम तर स्वीडनच्या निल्स लुंडबर्ग यांनी केलं, त्यांचा प्रबंध १९६० चा. आपल्या मुंबईत डॉ. राम गिंडे, के.ई.एम.चे डॉ. होमी दस्तूर ही मंडळी मेंदूवर शस्त्रक्रिया करू लागली तेव्हा सीटी स्कॅन नव्हता. त्याचा पहिला रुग्ण लंडनला १९७१ मध्ये तपासला गेला. त्या काळी कवटी उघडणं म्हणजे काय असेल याची मला आता थोडीशी कल्पना येते.

मला स्वतःला डॉक्टरांचा गोल समजला तो विरार लोकलने. डबा लोखंडी, ताणत नाही. विरारला सुटते तेव्हा जो तो ऐसपैस. नालासोपाऱ्याला माणसं चढली की पिशव्या रॅकवर जातात, माणसं आडवी उभी राहतात, आठ-दहा जण सहज मावून जातात आणि कुणाला काही वाटत नाही. वसईला अजून थोडी. मग अशी एक वेळ येते की नायगावला एकच माणूस चढतो आणि आतल्याच्या बरगडीतून आवाज निघतो. मेंदूचं तसंच. आधी पाणी मणक्याच्या पोकळीत सरकतं, मग नीलांतलं रक्त पिळून बाहेर जातं. या दोन सवलती संपेपर्यंत दाब जवळजवळ हलत नाही. प्रौढ माणसात आडवं असताना तो पाऱ्याच्या सात ते पंधरा मिलिमीटरपर्यंत असतो. सवलती संपल्या की मात्र चमचाभर वाढीनेही तो उभा चढत जातो. वीस-बावीसच्या वर गेला आणि तिथेच राहिला तर उपचार करावेच लागतात.

"काकूंची गाठ कित्येक वर्षं हळूहळू वाढलीय, म्हणून शरीराने जागा करून दिली," डॉक्टर म्हणाल्या. "एवढंच रक्त दोन तासांत साचलं असतं तर काकू इथे बसल्या नसत्या."

हे वाक्य ऐकलं आणि माझं लक्ष कागदावरून उडालं. ते का, ते नंतर सांगतो.

तर आता औषधांचं. मला वाटायचं भूल म्हणजे एकच काहीतरी असतं, माणूस झोपवायचं. तसं नाही. मेंदू आपल्या वजनाचा दोन टक्के, पण शरीराच्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा एकटा खातो. मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्याच्याकडे जातं. शिरेतून देतात ती थायोपेंटोन, प्रोपोफोल ही औषधं मेंदूचं काम मंदावतात. काम कमी म्हणून रक्ताची मागणी कमी, रक्त कमी म्हणून आतली जागा मोकळी, दाब उतरतो. प्रोपोफोल दिसायला थेट दुधासारखं पांढरं असतं. (सौ.ने नंतर नातीला सांगितलं, "मला दूध टोचलं.") हुंगवायचे वायू मात्र दुटप्पी. हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन हे मेंदूचं काम कमी करतात पण त्याच वेळी रक्तवाहिन्या रुंद करतात. रुंद वाहिनी म्हणजे आत जास्त रक्त. यात हॅलोथेन सगळ्यांत वाईट खोडीचं, १९५० च्या दशकात आलं आणि आपल्याकडे पुष्कळ वर्षं तेच वापरात होतं. सेवोफ्लुरेन त्या मानाने सौम्य, थोड्या मात्रेत चालतं. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, तोही दाब वाढवण्याच्या बाजूचा. म्हणून गाठ मोठी असेल तेव्हा वायू कमी किंवा अजिबात नाही, शिरेतलं औषध पंपाने थेंबथेंब चालू ठेवायचं.

सौ.ने मध्येच विचारलं, "मला मागच्या वेळी दिलं होतं ते देऊ नका हं. मी छतावरून चालत होते." १९८४ मध्ये तिचं एक छोटं ऑपरेशन झालं होतं, तेव्हाची गोष्ट. डॉक्टर म्हणाल्या, ते केटामाइन असणार. हे औषध १९६२ मध्ये तयार झालं आणि १९७० पासून वापरात आलं. त्यात माणूस स्वतःचा श्वास स्वतः घेत राहतो, रक्तदाब टिकून राहतो, म्हणून जिथे मोठी यंत्रं नाहीत अशा गावोगावच्या दवाखान्यांना ते वरदान ठरलं. स्वप्नं तेवढी विचित्र पडतात. पण १९७० च्या दशकात मेंदूतल्या पाण्याची वाट तुंबलेल्या मोजक्या रुग्णांत त्याने दाब चढलेला दिसला आणि पाठ्यपुस्तकात वाक्य पक्कं झालं, डोक्याला मार असेल तर केटामाइन नको. पुढच्या पिढ्यांनी ते वाक्य घोकलं. नंतर लोकांनी पुन्हा तपासलं. श्वास यंत्रावर नीट चालू असेल, सोबत बाकीची झोपेची औषधं असतील, तर ते दाब वाढवत नाही असं दिसलं, आणि आता अपघाताच्या रुग्णांनाही ते देतात. पाठ्यपुस्तकातल्या एका वाक्यावर तीस वर्षं कुणी शंका घेऊ नये, हे वाचून मला माझीच काही वाक्यं आठवली. असो.

पण झोपेच्या गोळीचं काय? तो माझा मूळ प्रश्न होता आणि त्याचं उत्तर डॉक्टरांनी शेवटी दिलं. म्हणाल्या, "सर, औषध दाब वाढवतं की कमी करतं हे अर्धंच. माणूस श्वास कसा घेतो ते बाकीचं अर्धं."

श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या या वायूच्या बाबतीत फार हळव्या. त्याचं रक्तातलं प्रमाण एरवी पाऱ्याच्या चाळीस मिलिमीटरच्या आसपास असतं. ते एका मिलिमीटरने वाढलं की मेंदूकडचं रक्त साधारण दोन ते चार टक्क्यांनी वाढतं. चाळीसचे साठ झाले तर काय होईल तो हिशेब तुम्हीच करा. म्हणजे जे औषध यंत्रावरच्या रुग्णाचा मेंदू निवांत करतं, तेच औषध यंत्राशिवाय, नुसतं झोपवायला दिलं, तर श्वास दडपून उलट दाब चढवू शकतं. अफूच्या जातीची वेदनाशामकंही तशीच. सौ.चं डोकं पहाटेच का दुखायचं याचा उलगडाही तिथेच झाला. रात्रभर आडवं पडल्याने आणि झोपेत श्वास जरा उथळ झाल्याने दाब वाढायचा, उठून बसलं की उतरायचा. आणि आम्ही त्यावर वर अर्धी गोळी देत होतो.

आता लक्ष का उडालं ते.

१९८१ च्या फेब्रुवारीत मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका शाळेत सातवीचा वर्गशिक्षक होतो. मैदानाच्या कडेला चिंचेचं झाड होतं. चिंचा गाभुळल्या की मधल्या सुट्टीत पोरं चढायचीच, आणि मी ओरडायचोच. त्या दिवशी एक मुलगा पडला. नाव लिहीत नाही. आगाशीकडच्या केळीच्या वाडीवाल्यांचा, हुशार, अक्षर मोत्यासारखं. उजव्या कानशिलावर दगड लागला. मिनिटभर शुद्ध गेली, मग उठून बसला, पाणी प्यायला, मित्रांनी चिडवलं तसा हसलाही. मी दोन शब्द रागावलो आणि वर्गात बसवलं. तासाभराने डोकं दुखतंय म्हणाला. मग उलटी. शिक्षकांच्या खोलीत बाकावर निजवलं. घरी निरोप पाठवला. तो झोपला, घोरायला लागला आणि मला बरं वाटलं. झोपेने उतार पडेल, असं मी चपराश्याला म्हणालो. हे वाक्य मी म्हणालो, दुसऱ्या कुणी नाही.

मग तो तळमळायला लागला, हातपाय झाडू लागला. जवळचे डॉक्टर आले. चांगले गृहस्थ होते, धावत आले होते. नाडी पाहिली, म्हणाले, शांत चाललीय, संथ आहे. पोर घाबरलंय, दुखतंय म्हणून वळवळतंय. शांत करायचं इंजेक्शन दिलं. मुलगा खरंच शांत झाला. मी त्याच्या उशाशी बसलो होतो. डोळे अर्धवट उघडे होते आणि उजव्या डोळ्याची बाहुली डाव्यापेक्षा मोठी दिसत होती. मला वाटलं खिडकीच्या उजेडामुळे. खिडकी उजवीकडे होती. उजेडाकडच्या डोळ्याची बाहुली लहान व्हायला हवी, मोठी नाही, एवढं कळायला विज्ञानाचा पदवीधर लागत नाही. पण ते मला तिथे सुचलं नाही.

त्याचे वडील आले, टेम्पो मिळवला, मुंबईकडे निघालो. खाडीपुलाच्या अलीकडेच त्याचा श्वास थांबला.

आम्हाला कुणी दोष दिला नाही. वडिलांनी तर नाहीच. पुढची कितीतरी वर्षं ते सुकेळ्यांची पुडी घेऊन यायचे. "मास्तर, तुम्ही शेवटपर्यंत त्याच्याजवळ होता." राजेळीची ती सुकेळी मला घशाखाली उतरायची नाहीत. मुलं खायची. मी निवृत्त होण्याआधीच ते गेले.

ऑपरेशन सहा तास चाललं. बाहेर बसून मी काय केलं ते विचारू नका. नंतर कळलं ते असं. डोकं थोडं उंचावर ठेवलं. नळी घालण्याआधी झोप गाढ केली, कारण नळीपाशी खोकला आला तरी दाब उसळतो. श्वास यंत्रावर जरा जलद ठेवला म्हणजे कार्बन डायऑक्साइड किंचित खाली, वाहिन्या किंचित आवळलेल्या. फार आवळल्या तर मेंदू उपाशी राहतो, तेव्हा तेही बेतानेच. मॅनिटॉल नावाचं साखरेच्या जातीचं औषध शिरेतून दिलं, ते मेंदूतलं पाणी ओढून घेतं आणि लघवीवाटे काढतं. आणि रक्तदाब पडू दिला नाही. हे शेवटचं मला आमच्या सोसायटीच्या नळावरून समजलं. मेंदूला रक्त किती रेट्याने पोचणार, तर सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा. खालून नव्वदाने ढकललं आणि वरून दहाचा विरोध असला तर ऐंशी उरले. विरोध तीस झाला आणि भुलीने रक्तदाब सत्तरवर आणला, तर उरले चाळीस, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर नळ सूं सूं करतो आणि बादली कोरडी. प्रोपोफोल दाब उतरवतं म्हणून ते भरमसाठ देऊन चालत नाही ते याचसाठी, कारण ते रक्तदाबही उतरवतं. सहा तास एक माणूस नुसता या दोन आकड्यांमधलं अंतर सांभाळत उभा असतो. आपण आभार मानतो सर्जनचे. मानावेतच, पण मला या दुसऱ्या माणसाचं काम आयुष्याच्या पंचाहत्तरीत पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी मला आत नेलं. डॉक्टर सौ.च्या कानाशी मोठ्याने विचारत होत्या, "काकू, नाव सांगा! हात दाबा! डावा, डावा!" भूल लवकर उतरावी अशीच औषधं निवडतात म्हणे, कारण मेंदूच्या ऑपरेशननंतर माणूस बोलतो का, हलतो का हे ताबडतोब बघायचं असतं. तिने डावा हात दाबला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवलात का?" मी नव्हतो जेवलो. खोटं बोललो.

आठव्या दिवशी घरी सोडायच्या वेळी मी डॉक्टरांना गाठलं आणि ४३ वर्षांपूर्वीची हकिकत सांगितली. सगळी. घोरणं, नाडी, बाहुली, इंजेक्शन. त्या उभ्याउभ्या ऐकत होत्या, मग बाकावर बसल्या. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचलं असणार, म्हणाल्या. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रोहिणी जाते, ती फाटते. मधला तासभर मुलं अगदी चांगली असतात, तिथेच सगळे फसतात. मग रक्त साचतं, डब्यातल्या सवलती संपतात. घोरणं म्हणजे झोप नव्हे, श्वासाची वाट बंद होत होती. संथ नाडी म्हणजे आराम नव्हे. मेंदूकडे रक्त ढकलायला शरीर रक्तदाब वाढवतं आणि नाडी मंदावते, हार्वे कुशिंग यांनी हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून ठेवलंय. बाहुली मोठी होणं म्हणजे मेंदू त्या बाजूने खाली दाबला जात होता.

"आणि इंजेक्शन?"

त्या जरा थांबल्या. "श्वास अजून दडपला असेल. पण सर, दाब आधीच वाढलेला होता."

"वाचला असता?"

"वेळेत कवटीला भोक पाडून रक्त काढलं तर अशी मुलं उठून शाळेत जातात. तेव्हा तुमच्या गावात ते कोण करणार होतं, कुठे करणार होतं, हे मला सांगता येणार नाही."

मला वाटत होतं, त्या म्हणतील, तुमची काही चूक नव्हती. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो, आणि रागही येतो, आणि दोन्ही खरं आहे.

मुलाची मोठी बहीण अजून आगाशीला असते. मुलं-सुना आहेत, वाडी बरीचशी विकली, दोन गुंठे राखलेत. गेल्या महिन्यात गेलो होतो. जाताना रिक्षात ठरवलं होतं, नुसतं भेटून यायचं. ओटीवर बसल्यावर मात्र सगळं बोललो. बाहुलीबद्दलही बोललो, जे मी सौ.लासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. ती पदराने चष्मा पुसत ऐकत होती. मग म्हणाली, "सर, आईला वाटायचं झाडाखाली काहीतरी बाधलं. मरेपर्यंत तेच म्हणायची. ते झाड शाळेने तोडलं ना?"

तोडलं, म्हटलं. त्याच वर्षी तोडलं.

"मग बरं," म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ आली नाही. मला वाटलं रडत असेल. आली तेव्हा हातात केळीच्या पानात बांधलेली पुडी होती. "आता कुणी घरी करत नाही, विकतची आहेत. बाईंना द्या. त्यांना आता गोड चालतं का?"

त्या गोळ्या बंद झाल्यापासून साखर ताब्यात आहे, थोडं चालतं, म्हटलं. पुडी सौ.ने फ्रिजवर ठेवली आहे. रोज एक खाते, मलाही देते.